ओलीच्या खटल्याची तारीख

बायको गेल्यापासून लोक मला विचारतात, शेवटी फार त्रास झाला का हो. झाला. पण त्या सगळ्या दिवसांत एक सकाळ अशी होती की ती आठवली की मला अजून हसू येतं. ती सकाळ कोर्टात गेली.

टुणी ही माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी सरळ चालायचीच नाही, टुणटुण उड्या मारायची, म्हणून टुणी. तिची आई गेली तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. बापाने दुसरं लग्न केलं आणि दुसऱ्या गावी गेला. माणूस वाईट नव्हता, पण पोरीकडे बघितलं की त्याला तिची आई दिसायची आणि त्याला ते सोसायचं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. टुणी आमच्याकडे चार दिवस म्हणून आली ती राहिलीच. हिला मावशी म्हणायची आणि मला काका. दत्तकाचं तेवढं करून घेऊ, असं आम्ही दरवर्षी म्हणायचो आणि दरवर्षी राहून जायचं. घरात कुणाचं त्यावाचून अडत नव्हतं.

अडलं ते हॉस्पिटलच्या दारात. हिला अचानक आत ठेवावं लागलं, त्या मोठ्या मशिनींच्या खोलीत. मी दुकानात होतो. माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, जळलेल्या कॉइली काढून नव्या भरायच्या. टुणी शाळेतून थेट तिकडे गेली. दारावरच्या माणसाने विचारलं, "पेशंट कोण लागते तुझी?" टुणीने खरं ते सांगितलं, "मावशी." तो म्हणाला, "फक्त नवरा, मुलं आणि आईबाप." मी पोचलो तेव्हा टुणी जिन्याच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. डबाही उघडला नव्हता.

दोन दिवसांनी ही साध्या वॉर्डात आली आणि तिला हे कळलं. मग म्हणाली, "अहो, मला तिची आई व्हायचंय. कागदावर. आणि लवकर. एक तरी बाळंतपण होऊ द्या माझं, तेरा वर्षांच्या मुलीचं का असेना."

बाजूच्या खाटेवरची बाई इतकी हसली की नर्स धावत आली.

टुणीच्या बापाने संमती द्यायला एक दिवससुद्धा घेतला नाही. आमच्या वकीलबाईंनी बाकीची कागदपत्रं केली. आता राहिलं होतं एकच. आम्ही दोघांनी आणि टुणीने जजसमोर जायचं, त्यांनी विचारायचं, आम्ही सांगायचं. आणि हे आम्ही दोघं जिवंत असतानाच व्हायला हवं होतं. केस दाखल झाली आणि तारीख मिळाली ती थेट उन्हाळ्यानंतरची. डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "अलीकडची बघा." मी विचारलं, "किती अलीकडची?" ते म्हणाले, "मिळेल ती."

मी कोर्टात गेलो. तळमजल्यावर एक खिडकी होती, तिथे कुठल्या दिवशी कुठल्या जजपुढे कुठली केस, हे ठरायचं. रोजचा बोर्ड तिथूनच निघायचा. आत एक बाई बसायच्या, गुडघ्यांनी हैराण. सगळे त्यांना बोर्डबाईच म्हणायचे, त्यांनाही ते चालायचं. त्यांच्या मागे भिंतभर एक फळा होता. वर जजांचे नंबर, बाजूला दिवस, आणि घराघरांत रंगीत चिठ्ठ्या टाचलेल्या. पांढरी म्हणजे नुसती तारीख, पिवळी म्हणजे वकिलांचं बोलणं, निळी म्हणजे साक्ष. एकही घर मोकळं नव्हतं.

माझ्याबरोबर दादा होते. दादा म्हणजे हिचे थोरले भाऊ, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा सगळा विश्वास ओळखीवर. गॅसचं सिलिंडर असो की दातांचा डॉक्टर, दादांची आधी तिथे ओळख निघायला हवी. बोर्डबाईंनी आमची केस शोधली आणि म्हणाल्या, "सहा नंबर कोर्ट. मॅडमपुढे आहे."

खिडकीपाशी उभा असलेला एक वकील माझ्याकडे बघून "अरेरे" म्हणाला आणि निघून गेला.

दादांनी लगेच खिडकीत डोकं घातलं. "बाई, सहा नंबरच्या मॅडम फार कडक आहेत म्हणतात. तीन नंबरचे साहेब देवमाणूस आहेत. तेवढं सहाचं तीन करा ना. माझी बहीण आजारी आहे हो."

"तुमची बहीण आजारी आहे, म्हणून आकडे बदलतात का?" बोर्डबाई म्हणाल्या. रागावून नाही, रोज म्हणत असाव्यात तसं. "नवीन केस आली की मशीन पाळीने पुढच्या जजकडे टाकतं. तुमच्या वेळी पाळी सहाची होती. माझ्या हातात नाही, आणि नाही तेच बरं आहे. असतं तर मला घरी जाता आलं नसतं, सगळं गाव या खिडकीला लटकलं असतं."

"पण एखादी ओळख—"

"दादा," मी म्हणालो.

बोर्डबाई माझ्याकडे वळल्या. "हे बघा. जज मागता येत नाही. तारीख मागता येते. लवकर घ्या असा अर्ज करा, डॉक्टरांचं पत्र जोडा."

अर्ज केला. मॅडमनी त्यावर लिहिलं की जागा असेल तर घ्यावी. मी ते घेऊन परत खिडकीशी आलो. बोर्डबाई उठून फळ्यापाशी गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ते मला आवडलं, कारण तोवर कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, नुसतं पुढची खिडकी दाखवत होते. त्या म्हणाल्या, नुसती तारीख असती तर कुठेही घुसवली असती, ते पाच मिनिटांचं काम. पण दत्तकात मॅडम घाई करत नाहीत. दोघांना विचारतात, मुलीला वेगळं बसवून विचारतात. त्याला निम्मी सकाळ लागते. आणि निम्मी सकाळ एकच आहे. त्यांनी एका निळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"ही ओलीची केस. वर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, खाली एक छापखानेवाले. बाईंच्या न्हाणीघरातून पाणी झिरपतं आणि यांच्या कागदाला ओल लागते, असं यांचं म्हणणं. बाई म्हणतात, ओल जमिनीतून वर चढते. साक्षीचा दिवस त्यांना किती वाट बघून मिळालाय. मी तो काढून घेऊ शकत नाही. दोघांनी आपणहून लिहून दिलं तर मॅडम बदलतील. दोघांनी."

"विचारून बघतो."

त्या हसल्या. "विचारा. आज त्यांची छोटी तारीख आहे, वर सहा नंबरच्या बाहेर असतील. पण एक सांगते, त्या दोघांनी आजवर एकाही गोष्टीला मिळून हो म्हटलेलं नाही. मागच्या वेळी पंखा लावायचा की नाही यावर भांडले, शेवटी मॅडमनी दोघांना दम दिला."

मी दोन जिने चढून वर गेलो. सहा नंबरच्या बाहेर लांब बाक होता. एका टोकाला शाईच्या बोटांचा एक जाडसा माणूस आणि दुसऱ्या टोकाला ताठ बसलेल्या बाई, मांडीवर पर्स. मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा मोकळी आणि कुणी बसत नव्हतं. मी बसलो.

माझं सगळं सांगून झालं. दोघं समोर बघत होते.

छापखानेवाले म्हणाले, "माझी हरकत नाही हो. पण मी हो म्हटलं तर या बाई जगभर सांगतील की मी साक्षीला घाबरलो."

"त्यांना सांगा," बाई मला म्हणाल्या, "की मी जगभर सांगत फिरत नाही. मला तेवढा वेळ नाही. आणि मी हो म्हटलं तर हेच म्हणतील की बाईंची बाजू लंगडी, म्हणून दिवस ढकलला."

"म्हणेनच," छापखानेवाले म्हणाले.

"बघा."

मी मध्ये बसून एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान फिरवत होतो. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुमची ओल कुठे जाणार नाही. माझी बायको जाणार आहे."

मला वाटलं, बिघडलं सगळं. मग बाईंनी विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

"आठवीत."

"गणित कसं आहे?"

"बेताचं."

बाईंनी पर्स उघडली आणि पेन काढलं. छापखानेवाल्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, त्यांच्या पिशवीत कागद नसेल असं कधी होणारच नाही. मग त्यांच्यात असं ठरलं की अर्जात स्पष्ट लिहायचं, दिवस सोडायची विनंती मी केली, या दोघांपैकी कुणीही केली नाही, आणि कुणीही कुणाला घाबरलेलं नाही. शेवटचं वाक्य त्यांच्या वकिलांनी काढायला लावलं. दोघांनी एकाच कागदाखाली सह्या केल्या, पण मध्ये चांगलं चार बोटं अंतर ठेवून.

बोर्डबाईंनी तो कागद आधी नीट धरून वाचला, मग चष्मा काढून परत वाचला. "हे त्याच दोघांचं आहे ना?" म्हणाल्या. मग निळी चिठ्ठी काढली आणि आमची लावली.

मी तिथून हलेना. त्यांनी विचारलं, "अजून काय?"

"ती दोन जिने चढू शकणार नाही."

इथे लिफ्ट नव्हती. बोर्डबाईंनी परत फळ्याकडे बघितलं, पेन कानामागे खोचलं आणि म्हणाल्या, "एक नंबरचे साहेब तळमजल्यावर बसतात. त्या सकाळी त्यांना वर पाठवू, मॅडमना खाली आणू. जज बदलता येत नाही, खोली बदलता येते. मोठ्या साहेबांची सही लागेल, ती मी घेते." मोठे साहेब म्हणजे त्या कोर्टातले मुख्य न्यायाधीश. एका बाईला जिना चढवत नाही म्हणून दोन जज आपापला पसारा घेऊन वरखाली करणार होते, त्यांच्याबरोबर त्यांचे कारकून, वकील, ताटकळलेली माणसं. मी आभार मानायला लागलो. त्या म्हणाल्या, "जा आता, मागे रांग आहे."

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी न्यायालय खाली उतरणार. लग्नात तुम्ही घोड्यावरून उतरायला तयार नव्हता."

"घोडं कुठे होतं? रिक्षा होती."

"तेच म्हणते मी. रिक्षातूनसुद्धा."

त्या सकाळी टुणीने तिचे केस विंचरले. थोडेच राहिले होते, पण टुणीने वेळ लावून विंचरले. आम्ही चाकाच्या खुर्चीतून तिला नेलं. दादा आधीच येऊन उभे होते, इस्त्रीचे कपडे, तोंडावर मोठं गुपित असल्यासारखा भाव. एक नंबरच्या खोलीबाहेर कागद चिकटवला होता, "आज येथे सहा नंबर कोर्ट बसेल". आणि बाकावर, दोन टोकांना नाही पण मध्ये पिशवी ठेवून, छापखानेवाले आणि शिक्षिकाबाई.

"तुम्ही कसे?" मी विचारलं.

"आमचा दिवस आहे," छापखानेवाले म्हणाले. "नीट वापरला जातोय का, ते बघायला नको?"

"मी मुलगी बघायला आले," बाई म्हणाल्या आणि टुणीला पंधराचा पाढा विचारला.

मॅडम आल्या, बसल्या. ठेंगणी, करड्या केसांची बाई. आत जाताना एका वकिलाला टाय नीट कर म्हणाल्या आणि त्याने तो चालता चालता नीट केला. शिपायाने आमचा पुकारा केला. मी खुर्ची ढकलत दारापर्यंत नेली तेवढ्यात कारकुनाने हात वर केला. फाइल नव्हती.

थोड्या वेळाने बोर्डबाई स्वतः आल्या, चेहरा लाल. "तुमच्यापैकी बदलीचा अर्ज कुणी केला?"

मला काही कळेना. दादांचं तोंड उतरलं.

झालं होतं असं. दादांना राहवलं नव्हतं. गेल्या आठवड्यात हिच्याकडून औषधांच्या बिलांवर सह्या घेताना त्यांनी अजून एका कागदावर सही घेतली. कुणाची तरी ओळख काढून तो कागद मोठ्या साहेबांच्या कचेरीत दिला. त्यात मागणी होती की केस सहा नंबरकडून काढून तीन नंबरकडे द्यावी. त्यांना वाटलं, मिळालं तर मिळालं, नाहीतर सहा नंबर आहेच. पण तिथला नियम असा की असा अर्ज पडला की फाइल मोठ्या साहेबांकडे जाते आणि त्यांचा निकाल होईपर्यंत आधीच्या जजला तिला हात लावता येत नाही.

"आणि मोठे साहेब?" मी विचारलं.

"वर खुनाची केस चालू आहे. मधल्या सुटीत बघतील. पण त्यांनी बघितलं की मुलीच्या बापाला नोटीस, मग सुनावणी, मग..." बोर्डबाई थांबल्या. हिच्याकडे बघून थांबल्या.

"दादा," ही म्हणाली.

"मी आपलं तुझ्या चांगल्यासाठी गं."

"माझ्या परीक्षेच्या दिवशी तू घड्याळ तासभर पुढे करून ठेवलं होतंस, तेही चांगल्यासाठीच. मी अंधारात शाळेच्या फाटकाशी जाऊन बसले होते."

छापखानेवाले मात्र तापले. "अहो, आम्ही आमचा दिवस यासाठी सोडला का? इतकी वर्षं भांडून मिळालेला दिवस आहे तो!"

"पहिल्यांदाच योग्य बोललात," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

बोर्डबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. "अर्ज ज्याने केला त्याने मागे घेतला तर नोटीस नाही, काही नाही. मोठ्या साहेबांची एक सही. सुटीच्या आधी त्यांच्यापुढे ठेवते. लिहा पटकन."

मी कागद घेतला. 'साहेब' एवढं लिहिलं आणि खोडलं. छापखानेवाल्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं. शिक्षिकाबाई सांगू लागल्या आणि ते लिहू लागले.

"'मी खाली सही करणारी...'"

"'अर्जदार' लिहितो. तसंच असतं."

"तसंच असतं म्हणून सगळे चुकीचं लिहितात. 'मी' लिहा. तिचं म्हणणं आहे ते."

"बाई, मी आयुष्यभर कोर्टाचे अर्ज छापलेत."

"छापलेत. वाचले असते तर आज इथे नसता."

ही इतकी हसली की तिला खोकला आला. टुणीने पाणी दिलं. सही करताना ही दादांना म्हणाली, "हा कागद काय आहे ते वाचलंय मी, बरं का." मग बोर्डबाई तो कागद घेऊन स्वतः जिना चढायला लागल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. दादा त्यांच्यामागे धावले.

आम्ही बाहेर थांबलो. मॅडमनी दुसऱ्या केस घ्यायला सुरुवात केली, आतून आवाज येत होते. हिने डोकं टुणीच्या खांद्यावर टेकलं. डोळे मिटले. माझ्या मनात फक्त एवढंच चाललं होतं की आज झालं नाही तर हिला परत इथवर आणता येणार नाही. हे तिलाही माहीत होतं. शिक्षिकाबाई उठून आल्या आणि त्यांनी आपली शाल हिच्या पायांवर घातली. छापखानेवाले दार अडवून उभे राहिले, वारा येत होता म्हणून.

मग जिन्यावर पावलं वाजली. दादा धापा टाकत पुढे, शिपाई फाइल घेऊन मागे, आणि बऱ्याच मागून बोर्डबाई.

"झाली सही," दादा म्हणाले. "साहेबांनी केस थांबवून सही केली. मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, अर्ज करणारा गाढव मीच."

पुकारा परत झाला.

आत मॅडमनी आधी मला विचारलं. काम काय, घर कुठे, मुलगी शाळेत कशी जाते, ही नसताना मुलीचं कोण बघणार. मी सांगितलं ते सरळ सांगितलं. मग त्या हिच्याकडे वळल्या. आवाज तसाच कोरडा होता.

"तुमच्या आजाराचं मी वाचलंय. स्पष्ट विचारते. मी मुलीला आई द्यायची आणि काही दिवसांनी तिने ती गमवायची. यात मुलीचं हित काय?"

मला वाटलं, झालं. हीच ती कडक बाई.

ही म्हणाली, "मॅडम, मी जायची ती जाणारच आहे, तुम्ही काही लिहा न लिहा. पण कागद नसला तर ती जिन्यात बसून रडेल. असला तर माझ्याजवळ बसून रडेल. एवढाच फरक आहे."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि टुणीला एकटीला बसवून विचारलं. काय विचारलं ते टुणीने आजवर मला सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही. परत आत बोलावलं तेव्हा टुणी मॅडमच्या टेबलापाशी उभी होती आणि तिच्यासमोर मॅडमचा पाण्याचा ग्लास होता, रिकामा.

आदेश त्यांनी तिथेच बोलून दाखवला, कारकून लिहीत गेला. आजपासून ही मुलगी या दोघांची. शेवटी म्हणाल्या, "प्रत आजच द्या. त्यांना थांबायला लावू नका." आणि हिला म्हणाल्या, "बाई, घरी जाऊन पडा आता." तेसुद्धा दटावल्यासारखंच.

बाहेर आल्यावर टुणीने विचारलं, "मग आता मी आई म्हणायचं का?"

"तुला काय म्हणायचं ते म्हण," ही म्हणाली. "हाकेबद्दल कोर्टाने काही लिहिलेलं नाही."

टुणी त्या दिवशी मावशीच म्हणाली. रात्री झोपताना एकदा आई म्हणाली आणि ही ऐकू न आल्यासारखी पडून राहिली, म्हणजे ती परत म्हणेल म्हणून. ती परत म्हणाली.

पुढे हिला परत त्याच मशिनींच्या खोलीत न्यावं लागलं. दारावर तोच माणूस होता. त्याने विचारलं, टुणी म्हणाली, "मुलगी." त्याने बाजूला होऊन वाट दिली, कागदही मागितला नाही. सगळे दिवस टुणी आत होती. एका सकाळी ही गेली तेव्हा तिचा एक हात माझ्या हातात होता आणि एक टुणीच्या. माणसाला याहून जास्त काय मिळतं मला माहीत नाही. मला मिळालं, आणि ते मी एकट्याने मिळवलं नाही.

सगळं उरकल्यावर मी बोर्डबाईंकडे गेलो. आभार मानले तर त्यांनी हात झटकला. "माझं कामच आहे ते. मानायचेच तर वर त्या दोघांचे माना. त्यांना परत साक्षीची तारीख मिळाली ती पार उन्हाळ्यानंतरची. तुमचीच जुनी."

मला ते लक्षात आलं नव्हतं. आमची लांबची तारीख मोकळी झाली होती, ती त्यांना लागली होती. मध्ये सगळा उन्हाळा गेला होता, मग पाऊस.

त्यांच्या साक्षीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. टुणीने शाळेला दांडी मारली, मी काही बोललो नाही. आम्ही दोन जिने चढून गेलो. छापखानेवाले आणि शिक्षिकाबाई व्हरांड्यातल्या खिडकीशी उभे राहून भांडत होते. मी शाल परत द्यायला आणली होती. बाईंनी ती घेतली नाही, टुणीच्या गळ्याभोवती गुंडाळली. ही गेल्याचं त्यांना बोर्डबाईंकडून कळलं होतं.

मी म्हणालो, "तुमच्यामुळे झालं सगळं. तुमचं मात्र नुकसान झालं."

"नुकसान म्हणजे?" छापखानेवाले म्हणाले. "पावसात माझे दोन गठ्ठे कागद गेले, पार लगदा. यांच्या न्हाणीमुळे."

"पावसामुळे," बाई म्हणाल्या. "हे स्वतःच आत्ता पाऊस म्हणाले. ऐकलंत ना? साक्षीदार आहात तुम्ही."

"मी तसं नाही म्हणालो!"

"मग तेव्हा दिवस सोडल्याचं वाईट वाटतं का?" टुणीने विचारलं. तिला असं सरळ विचारायची सवय आहे, ती तिच्या आईची.

छापखानेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. "छे गं," ते म्हणाले. "कागद काय, परत येतो."

"हे तेवढं बरोबर," बाई म्हणाल्या.

पुकारा झाला. आम्ही सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. न्हाणीचा उतार किती, प्लास्टर कधी केलं, डाग कुठल्या भिंतीवर आधी आला, हे सगळं आम्ही दुपारपर्यंत ऐकलं. मला त्यातलं बरंच समजलं, टुणीला काही नाही, पण ती हलली नाही. मॅडमनी एकदा मान वर करून मागे बघितलं, ओळख दाखवली नाही, आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितला. साक्ष त्या दिवशी संपली नाही. पुढचा दिवस ठरला, तेव्हा दोघांनी एकदम मागे वळून आमच्याकडे बघितलं, येणार का म्हणून. टुणीने मान हलवली. मग मीही हलवली.